दुबईला चाललास तर खात्यांचं आधी लावून जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा दापोली तालुक्यातला, एसीचा डिप्लोमा झालेला, पुढच्या महिन्यात कंपनीच्या व्हिसावर दुबईला चाललाय, पगार ३५०० दिरहम. विचारतोय की तिकडे खातं कसं उघडायचं, पैसे घरी कसे पाठवायचे, आणि इथल्या सेव्हिंग खात्याचं एटीएम आईकडे देऊन गेलं तर चालेल का, कारण वडिलांच्या आंब्याचे पैसेही वाशीचा दलाल त्याच खात्यात टाकतो.

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी शारजाला एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पगाराच्या टेबलावर १७ वर्षं काढली. पोरं विमानातून उतरली की त्यांची खाती उघडून द्यायची, पगार अडकला तर बँकेशी भांडायचं, आणि माणूस कायमचा घरी निघाला की त्याचं सेटलमेंट करून द्यायचं हे माझं रोजचं काम. आता गुहागरला घरी असतो आणि आसपासच्या गावातले लोक बँकेचे फॉर्म घेऊन येतात, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तिकडचं खातं तुझ्या नावावर असलं तरी ते तुझ्या व्हिसावर जगतं. व्हिसा कंपनीचा, आयडी व्हिसावर, खातं आयडीवर. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, आणि मग खात्यालाही हळूहळू टाळं लागायला लागतं. म्हणून तिकडच्या खात्याला एसटी स्टँडसारखं वापर, पैसा आला, थोडा थांबला, पुढे निघाला. मुक्कामाला तो घरच्या खात्यातच पाहिजे. पुढे जे सांगतोय ते सगळं यातनंच निघतं.

उतरल्या उतरल्या खातं उघडत नाही. आधी मेडिकल, मग बोटांचे ठसे, मग इमिरेट्स आयडी येतं, तिकडची जुनी माणसं त्याला बताका म्हणतात. याला दोन ते चार आठवडे सहज जातात, आणि आयडी हातात नसेल तर बँक फॉर्म घेत नाही. त्यात तू महिन्याच्या मधे जॉइन झालास तर पहिला पगार पुढच्या महिन्याला धरतात, म्हणजे जवळजवळ दीड महिना हातात काही नाही असं होऊ शकतं. म्हणून निघताना हजार-दीड हजार दिरहम रोख घेऊन जा, जेवण, मोबाईलचं कार्ड, बसचं कार्ड, एवढ्याला पुरतात. रूममेटकडनं उसने घेऊन सुरुवात केलेली पोरं मी बघितलीत, पहिले दोन पगार फेडण्यातच जातात.

आयडी आलं की पासपोर्ट, आयडी आणि कंपनीचं सॅलरी सर्टिफिकेट एवढ्यावर खातं उघडतं. बहुतेक वेळा कंपनीचं एखाद्या बँकेशी ठरलेलं असतं, बँकेचा माणूस कॅम्पवर किंवा ऑफिसात येऊन सगळ्यांच्या सह्या घेऊन जातो. इथे नीट बघ. कंपनी देतेय ते बँक खातं आहे की नुसतं सॅलरी कार्ड आहे? २००९ पासून तिकडे पगार सरकारच्या वेज प्रोटेक्शन सिस्टीममधून द्यावा लागतो, म्हणजे कोणाला किती आणि कधी दिला याची नोंद सरकारकडे राहते, ही कामगारासाठी फार चांगली गोष्ट झाली. पण कमी पगारवाल्यांना त्यात बऱ्याचदा नुसतं कार्ड देतात, पगार कार्डावर चढतो, एटीएममधून काढायचा, संपलं. बऱ्याच बँका स्वतंत्र खात्याला किमान ३००० किंवा ५००० पगार मागतात, तू ३५०० वर म्हणजे बरोब्बर मधे आहेस. एचआरला सरळ विचार, मला आयबॅन नंबर असलेलं खातं मिळणार का. मिळत असेल तर तेच घे.

आयबॅन म्हणजे तिकडचा पूर्ण खाते नंबर, २३ अक्षरांचा, सुरुवातीला एई, मग दोन आकडी चेक नंबर, मग तीन आकडी बँकेचा कोड, आणि पुढचे १६ आकडे तुझ्या खात्याचे. तो मोबाईलमधे फोटो काढून ठेव आणि वहीतही लिहून ठेव, मोबाईल हरवतो, वही हरवत नाही.

आता सही. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात लोक फार अडकतात. आमच्याकडे एक गुहागरचाच पोरगा आला होता, पासपोर्टवर त्याची सही मराठीत, अगदी वरची रेघ ओढून, खाली एक टिंब. बँकेचा माणूस आला तेव्हा घाईत त्याने फॉर्मवर इंग्लिशमधे सही ठोकली, कोणी बघितलं नाही, खातं उघडलं. दीड वर्षाने वडील आजारी पडले, एकदम मोठी रक्कम पाठवायची होती, काउंटरवर गेला, तिथल्या बाईने पासपोर्ट एका हातात आणि स्क्रीनवरची सही समोर धरली आणि म्हणाली हा माणूस वेगळा आहे. तीन दिवस गेले ती सही बदलायला, त्यात एक शुक्रवार आला. पैसे शेवटी मित्राच्या खात्यावरून गेले. तेव्हा पासपोर्टवर जशी आहे तशीच सही सगळीकडे, इथल्या बँकेतही तीच. इथे वेगळी असेल तर निघायच्या आधी बदलून घे.

नावाचंही तसंच. आपल्या पासबुकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या ओळीत. तिकडे आयडीवर पासपोर्टसारखं येतं. मग तू तिकडून पैसे पाठवतोस आणि इथल्या खात्याचं नाव जुळत नाही म्हणून पैसे मधेच लटकतात. पॅन, आधार, पासपोर्ट आणि पासबुक चारही समोर ठेवून स्पेलिंग तपास, एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त कर, तिकडून करायचं म्हटलं तर वर्ष जातं.

खातं चालवणं सोपं आहे. पगार येत असेल तोवर मिनिमम बॅलन्सचा त्रास सहसा नसतो, पगार थांबला की बऱ्याच बँकांत ३००० दिरहम ठेवावे लागतात नाहीतर महिन्याला २५ दिरहमच्या आसपास कापतात. आयडीची मुदत संपली आणि नवीन आयडी बँकेत अपडेट केलं नाही तर कार्ड बंद पडतं, मग ऐन महिन्याच्या शेवटी खिशात पैसा नाही, म्हणून नवीन आयडी आलं की त्याच दिवशी बँकेच्या अ‍ॅपमधे टाक. आणि फोन येतील, हिंदीत, पोलिसातून बोलतोय, तुझं आयडी ब्लॉक झालं, ओटीपी सांग. बँक असा फोन करत नाही, पोलीसही करत नाहीत. फोन ठेवून द्यायचा, वाद घालायचा नाही. शिकलेली पोरं या फोनला फसलेली मी बघितलीत.

आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देऊ नको. गाववाला असेल, चुलत भाऊ असेल, माझं अजून खातं नाही रे, तुझ्या खात्यात पैसे मागवतो म्हणेल. पैसा कुठनं आला ते बँक तुला विचारणार, त्याला नाही. आणि एक आपल्या लोकांना माहीतच नसतं, गावच्या कामाची वर्गणी तिकडे आपल्या खात्यात गोळा करायची नाही. देवळाचा जीर्णोद्धार असो, मशिदीचं छप्पर असो, शाळेची इमारत असो, भावना चांगली आहे, पण तिकडच्या कायद्याने परवानगी असलेल्या संस्थेशिवाय कोणालाही देणग्या जमवता येत नाहीत, २०२१ साली त्याचा नवीन कायदा झाला, दंड मोठा आहे. ज्याला द्यायचंय त्याने आपापल्या खात्यातून सरळ गावच्या संस्थेच्या खात्यात पाठवावं, आणि परदेशातला पैसा घेताना इथल्या संस्थेने आधी आपल्या सीएला विचारावं.

कर्ज. यावर मात्र थांबून वाच.

सहा महिने पगार नियमित दिसला की बँकेचाच माणूस फोन करतो, लोन घ्या, क्रेडिट कार्ड घ्या, पेपर काही लागत नाहीत. तिकडच्या सेंट्रल बँकेचा २०११ चा नियम आहे, पर्सनल लोन पगाराच्या जास्तीत जास्त २० पट, फेड जास्तीत जास्त ४८ महिन्यांत, आणि सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर नाही. निम्मा पगार हप्त्यात, हे ऐकायलाच कसं वाटतं बघ. आमच्याकडे खेडकडचा एक फोरमन होता, कामाला वाघ, आठ वर्षांची सर्व्हिस, बेसिक ३०००. गावच्या घराचा स्लॅब टाकायला त्याने ६०,००० दिरहमचं लोन घेतलं. अडीच वर्षं हप्ते नीट गेले, मग प्रोजेक्ट बंद झालं, कंपनीने माणसं कमी केली त्यात तो गेला. त्याची ग्रॅच्युइटी मीच काढली, पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा बेसिक म्हणजे २१०० गुणिले पाच, पुढच्या तीन वर्षांना ३० दिवसांचा म्हणजे ३००० गुणिले तीन, एकूण १९,५००. ते पैसे नियमाप्रमाणे १४ दिवसांच्या आत त्याच्या खात्यात गेले आणि त्याच क्षणी बँकेने खातं धरलं, कारण बाकी होती २४,०००. लोनच्या कागदावर त्याने सही केलेली असते की नोकरी संपली तर शेवटचा हिशेब बँक आधी घेणार. आठ वर्षांचा पैसा एका संध्याकाळी गेला आणि वर ४५०० भरायचे राहिले. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत तो बसला होता, एटीएमची चिठ्ठी हातात, त्यावर अव्हेलेबल बॅलन्स शून्य, आणि तो ती चिठ्ठी घडी घालत होता, उघडत होता, परत घडी घालत होता. रूममधल्या पोरांनी काढून दिले म्हणून न थकवता घरी आला. थकवून निघून येऊ म्हणणारे असतात, पण केस होते, ट्रॅव्हल बॅन लागतो, आणि पुन्हा कधी गल्फला जायचं म्हटलं तर एअरपोर्टवर अडकायला होतं. २०१४ पासून तिकडे क्रेडिट ब्युरोही आहे, सगळ्या बँकांना तुझा हिशेब दिसतो.

घराचं कर्ज काढायचंच असेल तर इथे काढ, तारण इथलं, मुदत मोठी, नोकरी गेली तरी तुझी ग्रॅच्युइटी तुझ्या हातात येते. क्रेडिट कार्ड पहिली दोन वर्षं घेऊच नको, तिकडे व्याज महिन्याला ३ टक्के नि वर असतं, महिन्याला, वर्षाला नाही. आणि लोनसाठी किंवा कोणाला जामीन म्हणून कोरा सही केलेला चेक देऊ नको. जानेवारी २०२२ पासून चेक बाउन्स झाल्यावर सरळ जेल हा प्रकार बराच कमी झालाय, फसवणुकीच्या केसेस सोडून, पण कोर्टातून वसुली होते आणि आता ती जास्त पटकन होते.

पैसे घरी पाठवताना दोन रस्ते, बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा एक्स्चेंजमधून, म्हणजे चलन बदलून पैसे पाठवणाऱ्या दुकानातून. पोरं फी बघतात, रेट बघत नाहीत. समजा एकाने फी शून्य लावली आणि रेट २२.६० दिला, दुसऱ्याने फी १५ दिरहम घेतली आणि रेट २२.९० दिला. ३००० दिरहम पाठवलेस तर रेटमधे ९०० रुपयांचा फरक, आणि १५ दिरहमची फी म्हणजे ३४३ रुपये. फी भरून पाठवलेलेच जास्त पोचले की नाही? म्हणून एकच प्रश्न विचारायचा, आत्ता एवढे दिरहम दिले तर घरी किती रुपये पडतील, तो आकडा दोन-तीन ठिकाणी विचार आणि मग ठरव. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर वर गेला की दिरहमही रुपयात वर, बातम्यांत डॉलरचा भाव ऐकलास तरी अंदाज येतो. पण भाव चढेल म्हणून तीन-तीन महिने पैसा तिकडे अडवून ठेवू नको, मघाशी सांगितलं ना, ते खातं व्हिसावर जगतं.

हुंडी नको. गावात माणूस घरपोच पैसे आणून देतो, रेट चार आणे जास्त देतो, आपल्या किनाऱ्यावर हे जुनं आहे आणि मला माहीत आहे की पूर्वी बँका जवळ नव्हत्या तेव्हा लोकांना दुसरा इलाज नव्हता. आज ते आपल्याकडे बेकायदेशीर आहे, तिकडेही सेंट्रल बँकेकडे नोंद नसलेल्या माणसाकडून पाठवणं बेकायदेशीर आहे, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे तो पैसा तू कमावलास याचा पुरावा राहत नाही. उद्या तू दापोलीत फ्लॅट घेतलास आणि इन्कम टॅक्सवाल्याने विचारलं पैसा कुठला, तर काय दाखवणार? आईला बँकेत जाणं जमत नसेल तर वेस्टर्न युनियनसारख्या रस्त्याने रोख घेता येते, एका वेळी २५०० डॉलरपर्यंत, वर्षाला ३० वेळा, त्यातही ५०,००० रुपयांपर्यंतच रोख मिळते, पुढचे खात्यात.

आता तुझं इथलं खातं. इथे तू जे करायचं म्हणतोयस ते गावात शंभरातले नव्वद करतात, तरी करू नको. नोकरीसाठी परदेशात गेलास की फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तू निघालास त्या दिवसापासून अनिवासी, आणि अनिवासी माणसाला साधं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशासाठीचं खातं, करून घ्यायचं. खाते नंबर बहुतेक तोच राहतो, पासबुक तेच, फक्त शिक्का बदलतो. न कळवता चालवलं तर कायद्यात रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे, आणि एटीएमचं कार्ड नि पिन आईकडे देणं हे बँकेच्या नियमातही बसत नाही, काही घोळ झाला तर बँक हात वर करेल.

सरळ असं कर. एक, जुनं सेव्हिंग एनआरओ कर, त्यात इथला पैसा येईल, भाडं, एलआयसीची मॅच्युरिटी, जुन्या एफडीचं व्याज. दोन, नवीन एनआरई उघड, त्यात फक्त बाहेरून आलेला पैसा, तुझी बचत इथे. एनआरईवरच्या व्याजाला इथे टॅक्स नाही आणि पैसा कधीही परत बाहेर नेता येतो. एनआरओच्या व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस कापतात, तिकडचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट दिलं तर यूएईवाल्यांना १२.५ वर येतो, पण तुझ्या रकमेला ते सर्टिफिकेट काढायचा खर्च परवडणार नाही, तेव्हा एनआरओत नुसता लागेल तेवढाच पैसा ठेव. एनआरओतूनही वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, टॅक्स भरल्याचे कागद आणि सीएची सही घेऊन, ते तुला आत्ता लागणार नाही. तीन, आईचं स्वतःचं साधं सेव्हिंग खातं उघड, घरखर्चाचे पैसे महिन्याच्या महिन्याला थेट तिथे पाठव. मुलाने आईला दिलेल्या पैशावर टॅक्स नाही. कार्ड तिचं, पिन तिचा, तिला कोणाला विचारायला नको.

एनआरईत आईचं नावही घालता येतं, रहिवासी नातेवाईक म्हणून, पण तू हयात असेपर्यंत तिला मँडेटवरच व्यवहार करता येतो, म्हणजे तू लिहून देतोस की माझ्या वतीने ही इथे पैसे काढू शकते. तो मँडेट फॉर्म तू इथे असतानाच भर, दोघांच्या सह्या मॅनेजरसमोर होतात, पाच मिनिटांचं काम. तिकडे गेल्यावर तोच कागद कॉन्सुलेटमधे नेऊन अटेस्ट करायला सुट्टी टाकावी लागते. नॉमिनीही त्याच वेळी लिही, नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लिहिता येतात. पतसंस्थेत एनआरई उघडत नाही हे लक्षात घे, कितीही ओळखीचा चेअरमन असला तरी, बँकच लागते.

फॉर्म भरताना दोन गोष्टी अडतात. इथल्या शाखेत अजून पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का मागतात. यूएईने २०२२ मधे पासपोर्टवर स्टिकर लावणंच बंद केलं, आता इमिरेट्स आयडी हाच पुरावा, तेव्हा आयडीची दोन्ही बाजूंची कॉपी आणि ऑनलाइन काढलेली रेसिडेन्सीची प्रिंट दे, शांतपणे समजावून सांग, कळतं त्यांना. दुसरं पत्ता. तिकडे पोस्टमन घरी येत नाही, पत्रं कंपनीच्या पीओ बॉक्सला येतात आणि पिनकोड नसतो. फॉर्मवर कंपनीचा पीओ बॉक्स लिही आणि एचआरचं पत्र जोड. रूमचा करार तुझ्या नावावर नसणारच, बेडस्पेसवाल्याला, म्हणजे खोलीत नुसती खाट भाड्याने घेणाऱ्याला, तो मिळत नाही.

आंब्याचं आता. बाग वडिलांची, सातबारा वडिलांच्या नावावर, मग पट्टीचे, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशेबाचे, पैसे तुझ्या खात्यात का? आत्तापर्यंत चाललं, पण आता खातं एनआरओ झाल्यावर दलालाने दोन-तीन लाख टाकले तर ते तुझं उत्पन्न दिसणार. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही, पण तू शेतकरी म्हणून दाखवायचं कसं, तू तर तिकडे एसी दुरुस्त करतोयस. वडिलांच्या नावाचं खातं उघड, त्याचा नंबर आणि आयएफएससी वाशीला कळव, या सीझनची पट्टी निघायच्या आत. आणि जमिनीबद्दल एक, कारण पैसा हातात आला की आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा कलमांच्या बागेकडे बघतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने येणारी घेता येते, घर-फ्लॅट घेता येतो. शेजारची बाग विकायला निघाली तर वडिलांनी त्यांच्या पैशातून घ्यावी, तुझ्या नावावर सौदा करू नका, नंतर निस्तरता येत नाही.

पीपीएफ असेल तर आहे ते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. फार जुनं, विसरलेलं खातं कुठे असेल, शाळेतलं, स्कॉलरशिपचं, तर बंद करून जा. दोन वर्षं व्यवहार नाही तर ते इनऑपरेटिव्ह, दहा वर्षांनी पैसा रिझर्व्ह बँकेच्या फंडात, मिळतो परत, पण चकरा मारून.

मोबाईल नंबर विसरू नको. ओटीपी इथल्या नंबरवर येतो. ९० दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊ शकते, मग तुझ्या खात्याचे ओटीपी कोणा तिसऱ्याकडे. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू कर, रिचार्ज आईच्या मोबाईलवरून भावाला करायला सांग, मुदत कॅलेंडरवर लिही. किंवा एनआरई-एनआरओला थेट यूएईचा नंबर लावून घे, बऱ्याच बँका लावतात, आणि २०२३ पासून यूएई, सौदी, ओमान, कतार धरून काही देशांच्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआयसुद्धा चालतं.

तुझा मित्र बोटीवर जातो म्हणून लिहिलंयस, त्याचं थोडं वेगळं आहे. परदेशी बोटीवर असेल तर पगार एनआरईत येऊ शकतो, आणि वर्षात १८२ दिवस भारतात भरले नाहीत तर त्या पगारावर इथे टॅक्स नाही, नुसता पैसा इथल्या एनआरईत आला म्हणून टॅक्स लागत नाही हे २०१७ च्या सर्क्युलरने स्पष्ट केलंय. पण दिवस सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजतात, तेव्हा साइन ऑन, साइन ऑफच्या पानांचे फोटो प्रत्येक वेळी काढून ठेवायचे. आणि कोणी सौदी, कुवेत, ओमानला चाललं असेल तर वरचं बहुतेक तसंच लागू, फक्त आयडीचं नाव वेगळं, सौदीत इकामा, कुवेतला सिव्हिल आयडी, आणि आयबॅनची लांबी वेगळी, सौदीचा २४, कुवेतचा ३०, कतारचा २९. एक आकडा कमी पडला तरी पैसे परत येतात, मोजून लिही.

आता निघतानाचं, जे तुला आत्ता लांब वाटेल. कायमचं घरी यायचं ठरलं की व्हिसा कॅन्सल व्हायच्या आधी खात्याचं काम कर. आधी सगळा पैसा एनआरईत पाठव, मग कार्ड असेल तर ते लेखी बंद कर, मग सेटलमेंट येऊ दे, तेही पाठव, आणि शेवटी खातं बंद करून क्लिअरन्स लेटर, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, घे. तोंडी बंद केलं यावर विश्वास ठेवू नको. माझं स्वतःचं एका बँकेचं कार्ड मी फोनवर बंद केलं होतं, बाईने हो म्हटलं, मी निश्चिंत. घरी येऊन १४ महिने झाले आणि वार्षिक फी, त्यावर लेट फी, त्यावर व्याज असं करत १,१०० दिरहमची नोटीस ईमेलवर आली. त्या फोनची तारीखही माझ्याकडे नव्हती. भरले, कारण मुलगा तेव्हा तिकडे नोकरीला निघाला होता आणि आडनावाला डाग नको होता. त्यानंतर मी ज्याचं सेटलमेंट केलं त्याच्या पासपोर्टच्या कव्हरमधे क्लिअरन्स लेटर घालूनच त्याला निरोप दिला. इथे आल्यावर एनआरई बँकेला कळवून साधं करून घ्यायचं किंवा परदेशी चलनाचं आरएफसी खातं उघडायचं, तेव्हा मात्र लगेच सीएकडे जा, पहिली दोन-तीन वर्षं टॅक्समधे सवलत मिळू शकते.

तुला अजून तीन-चार आठवडे आहेत. या आठवड्यात सही आणि स्पेलिंग, पुढच्या आठवड्यात आईचं आणि वडिलांचं खातं, मग मँडेट. व्हिसाची कॉपी आणि ऑफर लेटर दाखवून तुझी शाखा आत्ताच एनआरईचा फॉर्म घेत असेल तर देऊन जा, नाहीतर आयडी आल्यावर कॉपी पाठवायची. फॉर्मवर कुठे अडलास तर दाभोळहून फेरीने धोपाव्याला ये, पुढे गुहागर लांब नाही. आईला सोबत आण, मँडेटचा फॉर्म तिच्याकडून एकदा कोऱ्या कागदावर लिहून घेऊ, म्हणजे मॅनेजरसमोर तिचा हात थरथरणार नाही.